शाफ्टची गळती आणि इंजिनाची रेषा: शिडाच्या नौकेवरील एक जोडदुरुस्ती

शिडाच्या नौकेच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, खारे पाणी दिसले की बहुतेक मालक पाना घेऊन थेट ग्लँडकडे, म्हणजे पंखा (प्रॉपेलर) फिरवणाऱ्या शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या जोडाकडे, वळतात, नट थोडा आवळतात, गळती थांबली म्हणून समाधानाने झाकण लावतात आणि महिन्याभराने पुन्हा तेच करतात. मीही एक अख्खा मोसम असाच घालवला. मुंबई बंदरात मुरिंगवर (तळाशी कायम नांगरलेल्या तरंडीला) बांधलेली माझी ३१ फुटी नौका पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरली, नोव्हेंबरात ग्लँड गळू लागली आणि मी दर दोन-तीन रविवारी नट जरा जरा आवळत गेलो. जानेवारीत मांडव्याहून परतताना इंजिनाच्या कप्प्यातून जळक्या ग्रीसचा वास आला. पॅकिंग, म्हणजे ग्लँडमध्ये शाफ्टभोवती भरलेली दोरी, बाहेर काढले तेव्हा त्याची कडी कोळशासारखी काळी आणि कडक झाली होती आणि शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली होती. मूळ दुखणे मात्र ग्लँडपासून हातभर पुढे होते. डिझेल फिल्टरखालचे थेंब वर्षानुवर्षे इंजिनाच्या मागच्या डाव्या माउंटिंगवर (रबरी पायावर) पडत राहिले होते, त्यामुळे त्याचे रबर मऊ होऊन जवळजवळ तीन मिलिमीटर खचले होते, इंजिन त्या कोपऱ्यावर झुकले होते आणि शाफ्ट ग्लँडमध्ये सतत एका बाजूला दाबला जाऊन फिरत होता. मी नट आवळत होतो, म्हणजे या झुकलेल्या शाफ्टचा गळा आणखी दाबत होतो.

म्हणून या लेखात ग्लँड आणि इंजिनाची अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत जुळवणे) ही दोन कामे वेगळी न मानता एकाच कामाचे दोन भाग म्हणून मांडली आहेत. येथील वर्णन २० ते ४० फुटांच्या, आत डिझेल इंजिन आणि सरळ शाफ्ट असलेल्या नौकेला लागू आहे. सेलड्राइव्ह (इंजिनाखालून तळातून थेट खाली उतरणारा पंख्याचा पाय) असलेल्या नौकेची रचना निराळी असते आणि तिला यातले फारसे काही लागू पडत नाही.

रचना थोडक्यात अशी. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजला शाफ्टची फ्लँज बोल्टांनी जोडलेली असते, या जोडाला कपलिंग म्हणतात. तिथून शाफ्ट तिरका खाली उतरत नौकेच्या तळातल्या स्टर्न ट्यूबमधून बाहेर पडतो आणि पंख्याच्या अलीकडे, आतून खाचा असलेल्या रबरी कटलेस बेअरिंगमध्ये टेकतो. स्टर्न ट्यूबच्या आतल्या तोंडावर जाड होज पाइपाचा एक तुकडा क्लिपांनी बसवलेला असतो आणि त्या होजच्या दुसऱ्या टोकाला ग्लँड असते. कोकणातल्या मच्छीमार बोटींवर शाफ्टची हीच योजना मोठ्या आकारात दिसते, त्यामुळे ज्या मेकॅनिकने ट्रॉलरचे ग्लँड भरले आहेत त्याला शिडाच्या नौकेचे काम नवे नसते. फक्त ट्रॉलरवर बिल्ज पंप दिवसभर चालू असतो आणि तांडेल बोटीवरच असतो, तर आपली नौका आठवडाभर बिनमाणसाची उभी असते, हा फरक त्याच्या कानावर घालावा.

पाणी कुठून येते याची खात्री

पहिले काम म्हणजे काहीही न आवळणे. बिल्ज स्पंजने पूर्ण कोरडी करावी, ग्लँड, होज आणि स्टर्न ट्यूबचा जोड कापडाने पुसावा आणि त्यांच्याखाली किचनमधला कागदी टॉवेल अंथरावा. ओल्या डागाची जागा पाण्याचा मार्ग सांगते. पुष्कळदा असे दिसते की पाणी ग्लँडमधून येतच नाही. ते समुद्राच्या पाण्याच्या पंपाच्या सीलमधून, एक्झॉस्टच्या होजमधून किंवा सुकाणूच्या दांड्याच्या ग्लँडमधून येऊन उतारावरून शाफ्टखाली जमलेले असते. पाणी गोडे असेल तर पिण्याच्या पाण्याची टाकी किंवा पावसाचे पाणी यांचा संशय घ्यावा.

ग्लँडच गळते आहे असे ठरले की तीन अवस्थांत पाहावे: इंजिन बंद असताना, गिअर टाकून इंजिन मंद चालू असताना आणि नेहमीच्या वेगाने जात असताना. तिसऱ्या अवस्थेत वाकून पाहण्याचा मोह टाळावा. फिरत्या शाफ्टजवळ सैल बाही, गळ्यातली दोरी किंवा लांब केस जाणे जिवावर बेतू शकते. मी फोन एका काठीला बांधून, टॉर्च लावून, दोन मिनिटांचे चित्रीकरण करतो आणि मग ते बाहेर बसून संथ गतीने पाहतो. त्यात थेंब मोजता येतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्लँड स्वतः हलते आहे का ते दिसते. होजवर बसलेली ग्लँड शाफ्टबरोबर गोल गोल डोलत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे, कपलिंग चुकीचे बसले आहे किंवा इंजिनाची रेषा चुकली आहे; पॅकिंग बदलून हे डोलणे जाणार नाही.

थेंबांचा हिशोबही मनाशी असावा. साधारण २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. मिनिटाला पाच थेंब पडले तर तासाला १५ मिलिलिटर आणि दिवसाला ३६० मिलिलिटर पाणी जमते, म्हणजे एका पेल्यापेक्षा थोडे जास्त. मिनिटाला ६० थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांहून अधिक, आणि आठवडाभर कोणी न आल्यास बॅटरी व बिल्ज पंप यांच्यावर भार. दोरीच्या पॅकिंगची जुनी ग्लँड शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब सोडते, ते सोडलेच पाहिजेत, कारण तेच पाणी तिला थंड आणि ओले ठेवते. शाफ्ट थांबल्यावर मात्र थेंब जवळजवळ बंद व्हावेत.

पॅकिंग बदलणे

हे काम नौका जमिनीवर असताना करणे केव्हाही श्रेयस्कर. मुंबईत आणि गोव्यात बहुतेक खाजगी नौका मे अखेरीस पाण्याबाहेर काढून शाकारल्या जातात, तेव्हा ही संधी दरवर्षी आपोआप मिळते. मच्छीमार मंडळी छोट्या बोटी भरतीला किनाऱ्यावर आणतात आणि ओहोटीच्या पाच-सहा तासांत काम उरकतात, पण ती सोय सपाट तळाची किंवा लांब कील (तळाखालची वजनदार पात) असलेली नौका असेल तरच आहे. खोल, अरुंद कीलची नौका वाळूवर आडवी पडते. अशा नौकेवर उधाणाची वेळ पाहून हे धाडस करू नये.

पाण्यात असताना पॅकिंग बदलणे अशक्य नाही, अनेकांनी केलेले आहे. परंतु पाण्याखाली ३० सेंटिमीटर खोलीवर एक चौरस सेंटिमीटरची फट मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी आत घेते, हे लक्षात ठेवून नवी कडी आधीच कापून, ग्रीस लावून हाताशी ठेवावीत, बिल्ज पंप तपासावा, दुसरा माणूस सोबत असावा आणि पाणबुड्याकडून बाहेरच्या बाजूने स्टर्न ट्यूबच्या तोंडाशी शाफ्टभोवती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून घ्यावी. काम संपल्यावर ती पट्टी काढायला विसरू नये, आणि ती निघेपर्यंत इंजिनाची किल्ली आपल्या खिशात ठेवावी.

पॅकिंगची जाडी अंदाजाने घेऊ नये. ग्लँडच्या आतल्या पोकळीचा व्यास मोजून त्यातून शाफ्टचा व्यास वजा करावा आणि उत्तर निम्मे करावे: पोकळी ३७ मिलिमीटर आणि शाफ्ट २५ मिलिमीटर असेल तर पॅकिंग सहा मिलिमीटरचे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत ग्लँडची दोरी वजनावर मिळते आणि दुकानदार बहुधा पाण्याच्या पंपासाठी वापरायची काळी ग्राफाइटची दोरी पुढे करतो. ती घेऊ नये. समुद्राच्या पाण्यात ग्राफाइट आणि धातू एकत्र आले की धातू झिजतो आणि स्टेनलेस स्टीलच्या शाफ्टवर बारीक खड्डे पडण्याचा धोका असतो. मेण-चरबीत भिजवलेली तागाची किंवा टेफ्लॉन मुरवलेली दोरी मागावी.

जुने पॅकिंग काढताना सगळी कडी काढावीत. वरचे एक-दोन तुकडे निघाले की काम झाले असे वाटते आणि तळाशी बसलेले कडे तसेच राहते, मग नव्या कड्यांना जागा पुरत नाही. आधी तारेने पोकळीची खोली मोजली तर हा घोटाळा टळतो. काढण्यासाठी टोकाला स्क्रूसारखा आटा असलेला लवचीक हुक मिळतो. टोच्याने उकरल्यास शाफ्टवर ओरखडे उमटतात आणि तो ओरखडा नवे पॅकिंग पहिल्या दिवसापासून खाऊ लागतो. पॅकिंग निघाल्यावर शाफ्टच्या त्या भागावरून नख फिरवावे. खाच नखाला जाणवत असेल तर कितीही चांगली दोरी घातली तरी ती टिकणार नाही. खाच उथळ असेल तर ग्लँड थोडी पुढे-मागे सरकवून पॅकिंग गुळगुळीत भागावर आणता येते, खोल असेल तर शाफ्ट बदलणे आले.

नवी दोरी त्याच जाडीच्या पाइपाभोवती किंवा शाफ्टच्या मोकळ्या भागाभोवती गुंडाळून धारदार पात्याने तिरका छेद द्यावा, म्हणजे प्रत्येक फेऱ्याचे स्वतंत्र कडे तयार होते. टोके एकमेकांना नेमकी भिडावीत, एकावर एक चढू नयेत. एकच लांब दोरी मळसूत्रासारखी आत भरण्याची पद्धत दिसते, ती चुकीची आहे, कारण पाण्याला त्या वळणावळणाने आत येण्याचा सलग रस्ता मिळतो. कडी बहुधा तीन लागतात. प्रत्येक कडे वेगळे आत ढकलून बसवावे आणि सांधे घड्याळातल्या १२, ४ आणि ८ या आकड्यांच्या दिशेला यावेत असे फिरवून ठेवावेत. मग नट हाताने लागेल तितकाच लावावा.

पाण्यात उतरल्यावर ग्लँड सुरुवातीला जास्त गळेल आणि गळू द्यावी. नौका धक्क्याला बांधून, गिअर टाकून, इंजिन मंद गतीने अर्धा तास चालवावे, मग इंजिन बंद करून नट एका कोनाने, म्हणजे षट्कोनी नटाच्या एका बाजूइतका, आवळावा आणि पुन्हा चालवून पाहावे. इंजिन थांबवल्याबरोबर ग्लँडला हात लावावा. युरोपातल्या पुस्तिकांत ग्लँड स्पर्शाला गार लागली पाहिजे असे लिहिलेले असते, पण आपल्या समुद्राचे पाणीच २७-२८ अंशांचे असल्यामुळे ती गार लागणार नाही. बोटे आरामात टेकवून ठेवता आली तर ठीक, बोटे झटकन मागे घ्यावी लागली तर नट सैल करावा. शेवटी चेकनट (मुख्य नट सैल होऊ नये म्हणून लावलेला दुसरा नट) घट्ट करताना मुख्य नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाहीतर तो सोबत फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

दोरीऐवजी रबरी ओठांचे सील असेल तर त्यात आवळण्यासारखे काही नसते. नौका पाण्यात उतरल्यावर ते बोटांनी दाबून अडकलेली हवा बाहेर काढावी, पाणी आले की सोडावे, आणि उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे वर्षातून एकदा थोडे जलरोधक ग्रीस भरावे. हवा राहिली तर सील कोरडे फिरते आणि पहिल्याच सफरीत जळते. कार्बनच्या तोंडावर स्टीलची चकती घासणाऱ्या सीलमध्ये रबरी भाता चकतीवर दाब ठेवतो. ते गळू लागले तर आधी दोन तोंडांच्या मध्ये कचरा अडकला आहे का आणि चकती पुढे सरकून भात्याचा दाब कमी झाला आहे का, हे तपासावे. चकतीचे बारीक स्क्रू एकदा काढले की नवेच लावावेत. या सीलचा भाता फाटला तर पाणी थेंबाने येत नाही, धारेने येते, म्हणून त्याची मुदत उत्पादकाने दिली असेल तीच मानावी.

होज आणि क्लिपांकडे मात्र सील कोणतेही असो, सारखेच लक्ष द्यावे. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा असाव्यात आणि त्यांचा स्क्रूसुद्धा स्टेनलेस असावा. पट्टी चकचकीत आणि स्क्रू गंजलेला, अशा क्लिपा बाजारात पुष्कळ मिळतात, लोहचुंबक लावून पाहिल्यास त्या ओळखू येतात. होज दाबल्यावर चिरा दिसल्या किंवा तो भुसभुशीत लागला तर पॅकिंगच्या आधी होज बदलावा. हा होज बागेतल्या नळीसारखा चालत नाही, जाड भिंतीचा आणि आत कापडाचे थर असलेला हवा.

शाफ्टची चौकशी

नौका जमिनीवर असतानाच पंख्याजवळ शाफ्ट हाताने वर-खाली आणि आडवा हलवून पाहावा. कटलेस बेअरिंगला थोडा खेळ हवाच, पाण्याचे वंगण तिथूनच जाते. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला दीड मिलिमीटरपर्यंत खेळ आला तर बेअरिंग बदलण्याची वेळ झाली. झीज सगळीकडून सारखी असेल तर ते वयाचे लक्षण आहे. पुढच्या टोकाला वरून आणि मागच्या टोकाला खालून अशी उलटसुलट झीज असेल तर शाफ्ट बेअरिंगमध्ये तिरका बसतो आहे, आणि नवे बेअरिंगही तसेच झिजणार.

इतर खुणाही जमवाव्यात. विशिष्ट वेगालाच होणारी थरथर, ग्लँडखाली साचणारी काळी रबरी भुकटी, कपलिंगचे बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होणे, गिअरबॉक्सच्या मागच्या ऑइल सीलमधून झिरपणारे तेल आणि दर महिन्याला आवळावी लागणारी ग्लँड, यांतील दोन खुणा एकत्र दिसल्या तरी अलाइनमेंट तपासावी. पंख्यावर जाळ्याचा तुकडा किंवा दोरी गुंडाळली गेली असेल, मुंबई बंदरात ते रोजचेच आहे, तर त्या झटक्यानेही माउंटिंग सरकते.

इंजिनाची रेषा

अलाइनमेंटचे अंतिम मोजमाप नौका पाण्यात असताना, डोलकाठी उभी आणि तारा नेहमीच्या ताणात असताना, पाण्यात उतरून किमान एक-दोन दिवस गेल्यावर करावे. फायबरचा सांगाडा टेकूंवर एक आकार घेतो आणि पाण्यात दुसरा. जमिनीवर बिनचूक जुळवलेले कपलिंग पाण्यात उतरताच चुकल्याचे मी पाहिले आहे. जमिनीवर केवळ ढोबळ जुळणी करावी.

बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून, दोन्ही फ्लँजवर एक सलग रेघ मारून घ्यावी, म्हणजे जोडताना त्या जुन्याच स्थितीत येतील. बोल्ट काढण्यापूर्वी, ग्लँडच्या पुढे शाफ्टवर एक होज क्लिप घट्ट बसवावी. हे न केल्यास सुटा झालेला शाफ्ट मागे घसरून सुकाणूवर आदळू शकतो किंवा आणखी वाईट म्हणजे ट्यूबमधून बाहेर जाऊ शकतो. ही दोन रुपयांची खबरदारी न घेतल्यामुळे नौका बुडण्याची वेळ येऊ शकते. कपलिंगमध्ये रबरी किंवा प्लॅस्टिकची लवचीक चकती असेल तर ती काढून ठेवावी आणि धातूच्या दोन फ्लँज थेट समोरासमोर आणून मोजावे. लवचीक कपलिंग असल्यामुळे रेषा चुकली तरी चालते, असा समज आहे. ते कपलिंग थरथर थोडी लपवते आणि स्वतः झिजते, एवढेच.

सुटा झालेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, त्यामुळे त्या झुकलेल्या स्थितीला इंजिन जुळवले तर चूक पक्की होते. त्यासाठी प्रवासात बॅगा तोलायचा हुकाचा काटा उत्तम उपयोगी पडतो. २५ मिलिमीटरच्या स्टीलच्या शाफ्टचे वजन मीटरला साधारण ३.९ किलो असते. ग्लँडपासून फ्लँजपर्यंत ८० सेंटिमीटर शाफ्ट अधांतरी असेल तर त्याचे वजन ३.१ किलो, त्याचे निम्मे, म्हणजे दीड किलो, आणि फ्लँजचे स्वतःचे दोन किलो मिळून साडेतीन किलो होतात. फ्लँजजवळ शाफ्टला दोरीचा फास घालून काटा साडेतीन किलो दाखवेल इतका तो वर उचलावा आणि लाकडी पाचर घालून तिथेच टेकवावा. आता शाफ्ट त्याच्या खऱ्या रेषेत आहे.

मग दोन्ही फ्लँज जवळ आणाव्यात. एका फ्लँजवरचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात हाताच्या दाबाने बसला पाहिजे आणि कडेवर पोलादी पट्टी वरून व बाजूने टेकवली तर ती दोन्हींवर सारखी बसली पाहिजे. बसत नसेल तर आधी संपूर्ण इंजिन, चारही माउंटिंगचे नट सारखे फिरवून, वर-खाली किंवा आडवे सरकवून मध्य जुळवावा. त्यानंतर फ्लँजांची तोंडे एका जागी जेमतेम टेकू द्यावीत आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणी फीलर गेजची (ठरावीक जाडीची पातळ) पाती घालून फट मोजावी. मोजमाप कागदावर लिहावे, डोक्यात ठेवू नये. १०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजला सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान फट यांतला फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा.

यानंतर लगेच इंजिन सरकवण्याची घाई नको. गिअरबॉक्सची फ्लँज स्थिर ठेवून फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवावा आणि पुन्हा मोजावे. मोठी फट त्याच जागी, समजा खालीच, राहिली तर इंजिनाची रेषा चुकलेली आहे. फट शाफ्टबरोबर फिरून वर गेली तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा त्याची फ्लँज तिरकी बसली आहे, आणि अशा वेळी इंजिन कितीही हलवले तरी हाती काही लागत नाही. शाफ्ट काढून वर्कशॉपमध्ये लेथवर तपासून घ्यावा लागतो. हा पाच मिनिटांचा प्रयोग न केल्याने लोक दोन-दोन दिवस नट फिरवत बसतात.

इंजिन हलवण्याचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: ज्या बाजूला फट मोठी, त्या बाजूला इंजिनाचे पुढचे तोंड न्यावे. फट खाली असेल तर पुढची बाजू खाली, वर असेल तर वर, डावीकडे असेल तर डावीकडे. किती न्यायचे याचा हिशोबही करता येतो. १०० मिलिमीटरच्या फ्लँजवर खाली ०.३ मिलिमीटर फट जास्त आहे आणि पुढच्या-मागच्या माउंटिंगमधले अंतर ५०० मिलिमीटर आहे असे धरू. अंतर फ्लँजच्या व्यासाच्या पाचपट आहे, म्हणून पुढची बाजू ०.३ च्या पाचपट, म्हणजे दीड मिलिमीटर, उतरवायची. माउंटिंगच्या बोल्टाचा आटा दीड मिलिमीटरचा असेल, म्हणजे एका फेऱ्यात नट दीड मिलिमीटर सरकत असेल, तर पुढच्या दोन्ही नटांचा बरोबर एक फेरा. पण इथे एक फसवी गोष्ट आहे. इंजिन मागच्या माउंटिंगवर तराजूसारखे कलते आणि फ्लँज त्या माउंटिंगच्याही मागे असते, समजा १५० मिलिमीटर. म्हणजे पुढची बाजू उतरली की फ्लँज जवळजवळ ०.४५ मिलिमीटरने वर चढते आणि आधी जुळवलेला मध्य बिघडतो. म्हणून लगेच चारही नट दोन-दोन कोनांनी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने, खाली घ्यावेत आणि मध्य पुन्हा पाहावा. फट आणि मध्य असे आळीपाळीने तीन-चार वेळा करावे लागते, पहिल्याच खेपेला दोन्ही जुळल्याचे मी तरी अनुभवलेले नाही.

आडवे सरकवताना माउंटिंगचे तळाचे बोल्ट थोडे सैल करून, लाकडी ठोकळा मध्ये धरून, पहारीने हलका जोर द्यावा. गिअरबॉक्सच्या खोक्यावर किंवा शाफ्टवर पहार टेकवू नये. त्याआधी एक्झॉस्टचा होज, डिझेलची नळी आणि गिअरची केबल इंजिनाला एका बाजूला ओढत नाहीत ना, हे पाहावे. चारही माउंटिंगवर भार सारखा असल्याचीही खात्री करावी: एकेक नट पाव फेरा सैल करून पाहावा, इंजिनाचा तो कोपरा किंचित खाली बसला नाही तर त्या पायावर वजनच नाही आणि इंजिन उरलेल्या तीन पायांवर उभे आहे. नट बोल्टाच्या अगदी वरच्या टोकाला पोहोचला असेल तर तो आणखी वर न नेता माउंटिंगखाली धातूची पट्टी घालावी, कारण उंच उघडा बोल्ट थरथरीने मोडतो. खचलेले माउंटिंग मिळाले तर एकटे न बदलता चारही बदलावीत. पुढची आणि मागची रबरे काही इंजिनांत वेगवेगळ्या कडकपणाची असतात, म्हणून घेताना इंजिनाचा नमुना क्रमांक सांगूनच घ्यावीत.

जुळणी झाली की वरचा नट आवळताना खालचा नट पान्याने धरावा आणि आवळून झाल्यावर फट पुन्हा मोजावी, कारण शेवटच्या आवळण्यात इंजिन हमखास जरा हलते. कपलिंगचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत आणि आत नायलॉनचे कडे असलेले लॉकनट नवेच वापरावेत. शाफ्टवरची क्लिप आणि पाचर काढावी.

खुल्या समुद्रात होज फाटला किंवा ग्लँड निखळली तर शिडाच्या नौकेला एक मोठी सोय आहे: इंजिन बंद करून शिडांवर पुढे जाता येते. गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर गिअर टाकून शाफ्ट फिरण्यापासून थांबवावा, फाटलेल्या जागेवर ग्रीस माखलेले कापड गुंडाळावे आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून, एकावर एक फेरे देत, घट्ट बांधावी. अशी पट्टी, दोन मोठ्या क्लिपा आणि आधी कापलेली पॅकिंगची तीन कडी एका डब्यात घालून इंजिनाच्या कप्प्यातच ठेवावीत.

बंदरात परतल्यावर आणि इंजिन साधारण दहा तास चालल्यावर कपलिंग पुन्हा एकदा उघडून फट मोजावी, नवी रबरे पहिल्या काही तासांत थोडी बसतात. माझ्या नौकेवर इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने चार आकडे, मिनिटाचे थेंब आणि तारीख लिहिलेली असते. मागच्या ऑक्टोबरमधले आकडे होते वर ०.०५, खाली ०.१०, डावीकडे ०.०५, उजवीकडे ०.०५, आणि थेंब मिनिटाला तीन.